मडक्यातला ऑक्टोपस

नमस्कार, श्रोतेहो.

मातीचं मडकं दोराला बांधून समुद्राच्या तळाशी सोडायचं. आत आमिष नाही, तोंडाला झाकण नाही. ऑक्टोपसला लपायला कपार लागते, म्हणून तो आपणहून आत शिरतो. दोर ओढला तरी पळत नाही, आणखीच अंग चोरून बसतो. भूमध्य समुद्रात आणि जपानात पिढ्यानपिढ्या अशीच पकड चालत आली. जपानी कोळी या मडक्याला ‘ताकोत्सुबो’ म्हणतात.

जगाच्या बाजाराला आता एवढ्यावर भागत नाही. जपान, दक्षिण कोरिया, स्पेन आणि इटली हे मोठे गिऱ्हाईक. त्यांना बराच माल जातो तो मोरोक्को आणि मॉरिटानियाहून. स्पेनच्या गॅलिसियात ऑक्टोपस हा मानाचा पदार्थ, पण तिथल्या ताटातला पुष्कळसा आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गोठवून आलेला असतो. गोठवल्याने त्याचं बिघडत नाही. उलट बर्फाच्या कणांनी चिवट तंतू तुटतात आणि मांस मऊ होतं. एरवी धुऊन-बडवून करायचं काम शीतगृहच करतं, आणि म्हणून हा नाजूक माल महासागर ओलांडतो.

इथे मला मादीबद्दल सांगायचंय. हा ऑक्टोपस जेमतेम दीड-दोन वर्षं जगतो. मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते, लाखाच्या वर. ती राखताना अन्नाला शिवत नाही आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. अंडी घालण्याआधीच ती जाळ्यात आली, तर तिची वीण तिथेच संपली. मोरोक्कोने हे सोसलंय: 2003-04 मध्ये पकड इतकी ढासळली की मासेमारी कित्येक महिने बंद ठेवावी लागली. आता तिथे दरवर्षी विणीच्या काळात बंदी असते.

काहींना यावर शेती हा उपाय वाटतो. स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर वर्षाला 3,000 टन ऑक्टोपस वाढवण्याची एक योजना मांडली गेली. मला ती पटत नाही. एकट्याने राहणारा, हुशार, मांसाहारी जीव टाक्यांत दाटीने कोंडायचा आणि त्याच्या पोटासाठी पुन्हा समुद्रातलेच मासे ओढायचे! अमेरिकेत वॉशिंग्टन आणि कॅलिफोर्निया या राज्यांनी 2024 मध्ये अशा शेतीवर बंदी घातली, ते बरंच झालं.

मादागास्करच्या आंदावादोआका गावाने वेगळी वाट धरली. तिथे बायका ओहोटीला प्रवाळावर चालत जाऊन भाल्याने ऑक्टोपस धरतात, आणि तो युरोपात विकला जातो. 2004 मध्ये गावाने किनाऱ्याचा एक तुकडा काही महिने बंद ठेवला. तो पुन्हा उघडला तेव्हा हाताला मोठे, वजनदार ऑक्टोपस लागले. शेजारच्या गावांनी ते पाहिलं आणि आपापले तुकडे राखायला घेतले.