थोरल्याला जमीन, बाकीच्यांना मृत्युपत्र

(एका इतिहास अभ्यासवर्गातील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज इंग्लंडच्या जुन्या मृत्युपत्रांविषयी बोलायचं आहे. सुरुवात एका कलमापासून करते. मृत्युपत्र करणारी बाई नॉर्फक परगण्यातली एक विधवा जमीनदारीण, नाव मार्गारेट पॅस्टन. कलमाचा मराठी मतलब असा: "माझी मुलगी मार्जरी हिचा मुलगा जॉन कॉल, त्याला वयाच्या 24व्या वर्षी 20 पौंड द्यावेत. तो त्याआधी वारला तर ते मार्जरीच्याच दुसऱ्या मुलांना, विल्यम आणि रिचर्ड यांना, जावेत." वाचताना सरळ वाटतं. आजीने नातवंडांना काही ठेवलं, एवढंच. पण या 20 पौंडांच्या मागे तेरा वर्षांचं मौन आहे, आणि तिथे पोचायचं तर आधी जमिनीची गोष्ट सांगायला हवी.

मी आयुष्यभर दिवाणी वकिली केली, त्यातही वारसाहक्काची प्रकरणं जास्त. आपल्याकडे वाटणीपत्र असतं. चार भावांची जमीन असेल तर चार हिस्से, मग बांधावरून भांडणं, मग मोजणी. मिताक्षरा या हिंदू वारसाहक्काच्या जुन्या ग्रंथाप्रमाणे मुलाला वडिलार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क मिळतो, बाप तो मृत्युपत्राने काढून घेऊ शकत नाही. इंग्लंडच्या परगण्यांमधली जमीनदार घराणी अगदी उलट नियमावर उभी होती. जमीन सगळी थोरल्या मुलाकडे. धाकट्याला हक्काने एक बिघाही नाही. मुलगा नसेल तरच मुलींकडे. विधवेला नवऱ्याच्या जमिनीच्या तिसऱ्या हिश्शाचं उत्पन्न तिच्या हयातीपुरतं. अपवाद होते. केंट परगण्यात मुलांमध्ये समान वाटणी व्हायची, आणि काही गावांत तर धाकट्याकडेच जमीन जायची. पण सर्वसाधारण कायदा थोरल्याचा. घराणं टिकायचं ते यामुळे, आणि त्याच घरात जन्मलेल्या बाकीच्यांना पोटासाठी चर्च, वकिली, व्यापार किंवा फौज यांचा रस्ता धरावा लागायचा तोही यामुळे.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की इंग्रजी मृत्युपत्र वाचताना थोरल्या मुलाकडे पाहू नका. त्याला कायद्यानेच मिळायचं असतं. ज्यांना कायदा काही देत नाही, त्यांची नावं या कागदात शोधा.

आता एक बारकावा. आपण "विल अँड टेस्टामेंट" असं एका दमात म्हणतो, पण मुळात या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टामेंट जंगमाचं आणि विल स्थावराचं. भांडी, कपडे, गुरं, रोकड यांची व्यवस्था टेस्टामेंटने करता यायची आणि त्यावर देखरेख चर्चच्या न्यायालयाची असायची. जमीन मात्र 1540 पर्यंत सर्वसाधारणपणे मृत्युपत्राने थेट देताच येत नव्हती. मग लोकांनी वाट काढली. जिवंतपणीच जमीन चार भरवशाच्या माणसांच्या नावे करायची, उपभोग स्वतः घ्यायचा, आणि मरताना त्या विश्वस्तांना सांगायचं की ही अमक्याला द्या. कागदावर मालक ते, खरा धनी हा. 1540 च्या कायद्याने राजाला झुकावं लागलं आणि बहुतेक जमीन मृत्युपत्राने देण्याची मुभा मिळाली. 1677 मध्ये जमिनीच्या मृत्युपत्राला लेखी कागद आणि तीन साक्षीदार सक्तीचे झाले. तोंडी मृत्युपत्रांवरही तेव्हाच कडक बंधनं आली. ती का आली असावीत, हे समजायला पॅस्टन घराण्याएवढं चांगलं उदाहरण नाही.

पॅस्टन मुळात शेतकरी. क्लेमंट पॅस्टन स्वतः नांगर धरणारा माणूस होता. त्याने मुलाला, विल्यमला, वकिली शिकवली आणि तो न्यायाधीश झाला, जमिनी घेतल्या. 1444 मध्ये तो मरायला टेकला तेव्हा त्याला धाकट्या मुलांची चिंता होती. त्याची बायको अ‍ॅग्नेस हिने पुढे 1466 मध्ये स्वतःच्या मृत्युपत्राच्या मसुद्यात ते प्रसंग लिहून ठेवले. एकालाच इतकं देऊ नये की उरलेल्यांना पुन्हा नांगराची शेपटी धरावी लागेल, असं तिचा नवरा म्हणाला होता. थोरला जॉन यावर खूश नव्हता. बापाने आयुष्यभर झटून नांगर मागे टाकला आणि मरताना धाकटी मुलं पुन्हा त्याच नांगरामागे दिसू लागली. हे वाक्य कुठल्याही गावच्या माणसाला समजेल.

हा थोरला जॉन म्हणजे आपल्या मार्गारेटचा नवरा. तोही वकील. त्याचं अशील आणि नात्यातला माणूस म्हणजे सर जॉन फास्टॉल्फ, फ्रान्सच्या लढायांमध्ये गडगंज झालेला म्हातारा सरदार. समुद्राजवळ केस्टर इथे त्याने विटांचा भव्य किल्ला बांधला होता. पोटी मूल नव्हतं. 5 नोव्हेंबर 1459 ला फास्टॉल्फ वारला, आणि दोन दिवस आधी त्याने तोंडी मृत्युपत्र केलं असं जॉन पॅस्टनने जाहीर केलं. त्याप्रमाणे नॉर्फक आणि सफक परगण्यांतली सगळी जमीन जॉनला. अटी दोन: केस्टरला सात धर्मगुरू आणि सात गरीब यांच्यासाठी धर्मसंस्था काढायची, आणि बाकीच्या एक्झिक्युटरांना, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी ज्यांच्यावर सोपवलेली असते त्यांना, 4000 मार्क द्यायचे. मार्क म्हणजे 13 शिलिंग 4 पेन्स, पौंडाचे दोन तृतीयांश.

एक्झिक्युटर दहा होते. त्यांतला न्यायाधीश विल्यम येल्व्हर्टन म्हणाला, हे मृत्युपत्र खोटं आहे. चर्चच्या न्यायालयात वर्षानुवर्षं साक्षी झाल्या. फास्टॉल्फच्या पदरी असलेला धर्मगुरू टॉमस हाऊस आधी पॅस्टनच्या बाजूने होता, पुढे फिरला. जॉन पॅस्टनला तुरुंगवास घडला आणि 1466 मध्ये लंडनमध्ये तो वारला, प्रकरण तसंच लोंबकळत. मृत्युपत्र खरं की खोटं, याचा निकाल मी देणार नाही. पण वकील म्हणून एक सांगते. ज्याचा फायदा आहे तोच आजाऱ्याच्या उशाशी बसून त्याची शेवटची इच्छा सांगतो, तेव्हा कोणत्याही काळच्या न्यायाधीशाच्या कपाळावर आठी पडते.

1469 साल उजाडलं. एक्झिक्युटरांपैकी काहींनी केस्टर परस्पर नॉर्फकच्या ड्यूकला विकून टाकलं होतं. ऑगस्टमध्ये ड्यूकने सुमारे 3000 माणसांनिशी किल्ल्याला वेढा घातला. आत मार्गारेटचा दुसरा मुलगा होता, बरोबर जेमतेम तीसेक माणसं. (या घरात थोरल्या दोन्ही भावांचं नाव जॉन. वाचकाने सांभाळून चालावं.) आई लंडनमधल्या थोरल्याला लिहिते: तुझा भाऊ आणि त्याची माणसं मोठ्या संकटात आहेत, अन्न संपत आलंय, दारूगोळा संपतोय. पाचेक आठवड्यांनी, सप्टेंबरच्या शेवटी, किल्ला पडला.

आणि याच सप्टेंबरमध्ये घरात दुसरं संकट उभं राहिलं. मुलगी मार्जरी हिने घरच्या कारभाऱ्याशी, रिचर्ड कॉलशी, गुपचूप लग्न केलं होतं. कारभारी म्हणजे वसुली, हिशेब सगळं ज्याच्या हातात तो माणूस. विश्वासाचा, पण पगारी. नॉरिचच्या बिशपने दोघांना बोलावून वेगवेगळं विचारलं: कोणत्या शब्दांनी वचन दिलंत? त्या काळी तोंडी वचन हेच लग्न. मार्जरीने शब्द सांगितले, आणि वर म्हणाली, एवढ्याने पक्कं होत नसेल तर इथून जाण्याआधी आणखी पक्कं करून देते. आईने घराचं दार बंद केलं. थोरल्या मुलाला पत्रात लिहिलं की आपण तिच्या रूपाने गमावलं ते काही किमतीचं नव्हतं. हे मूळ पत्र आहे. पॅस्टनांची हजारावर पत्रं आणि कागद उरले आहेत, म्हणून हे आपल्याला तिच्याच शब्दांत कळतं. गंमत अशी नव्हे, दुःख असं, की रिचर्ड कॉलला कामावर ठेवलं. कारभारी त्यांना हवा होता. मुलगी नको होती.

फास्टॉल्फच्या मिळकतीचं काय झालं? 1470 मध्ये एक्झिक्युटरांपैकीच एक, बिशप वेनफ्लीट, याने तडजोड घडवली. धर्मसंस्थेचा पैसा आणि बरीच जमीन ऑक्सफर्डच्या मॉडलिन कॉलेजकडे गेली. केस्टर पॅस्टनांना परत मिळालं ते 1476 मध्ये ड्यूक अचानक मेल्यावर. म्हणजे सतरा वर्षं.

इथे थोडं कागदांविषयी, कारण तुमच्यापैकी काही जण पुढे स्वतः हे वाचू पाहतील. मृत्युपत्र सिद्ध करायचं ते चर्चच्या न्यायालयात. माणसाची मिळकत एकाहून जास्त बिशपांच्या हद्दीत असेल, तर कँटरबरीच्या आर्चबिशपच्या वरच्या न्यायालयात. जमीनदार घराण्यांची मृत्युपत्रं म्हणून तिथे जास्त सापडतात. त्याची नोंदवह्यांची मालिका 1384 ते 1858 अशी आहे, लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, दहा लाखांहून अधिक मृत्युपत्रं. 12 जानेवारी 1858 पासून हे काम चर्चकडून काढून सरकारी न्यायालयाकडे गेलं. आपल्या मुंबईत प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करून घेणं, हा शब्द आला तो 1726 च्या सनदेने स्थापन झालेल्या मेयर्स कोर्टाबरोबर, आणि हिंदूंच्या मृत्युपत्रांना तो लागू झाला 1870 च्या कायद्याने. मी ज्या अर्जांवर आयुष्य काढलं, त्यांचे पणजोबा हे.

तारखांची काळजी घ्या. 1752 पर्यंत इंग्लंडचं कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं. मार्गारेटच्या मृत्युपत्रावर 4 फेब्रुवारी 1481 आहे, आपल्या हिशेबाने ते 1482. आणि एक शिलिंग दिलेला दिसला की बापाने मुलाला तोडलं असं लगेच समजू नका. बऱ्याचदा त्या मुलाचा वाटा आधीच दिलेला असतो, मुलीचा लग्नात दिलेला असतो. शिलिंग म्हणजे तू विसरला गेलेला नाहीस, एवढी नोंद. बायकांची मृत्युपत्रं मुख्यतः विधवा आणि अविवाहितांची मिळतील, कारण नवरा जिवंत असताना त्याच्या संमतीशिवाय बाईला मृत्युपत्र करता येत नसे. हे बदललं 1882 मध्ये. आणि मृत्युपत्राबरोबर मालमत्तेची यादी असेल तर ती आधी वाचा. शेजारची दोन-चार माणसं खोलीखोलीतून फिरून पलंग, कढया, धान्य, गुरं यांची किंमत लावत. 1529 च्या कायद्यापासून ही पद्धत पक्की झाली आणि अठराव्या शतकात विरत गेली. जमीन त्या यादीत नसते, म्हणून यादीवरून कुणाला गरीब ठरवू नका.

शेक्सपिअरच्या मृत्युपत्राबद्दल विचारलं जातंच. 25 मार्च 1616, तीन कागद. बायकोला "दुसऱ्या क्रमांकाचा पलंग" हे वाक्य दोन ओळींच्या मध्ये मागाहून घातलेलं आहे. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, मला त्यात फार रस नाही. मला धाकट्या मुलीचा, ज्युडिथचा, भाग जास्त बोलका वाटतो. मसुद्यात जावयाचा उल्लेख होता, तो खोडून मुलीचं नाव घातलं आहे. तिच्या 150 पौंडांवर अट घातली: नवऱ्याने तेवढ्या मोलाची जमीन तिच्या आणि मुलांच्या नावे केली तरच मुद्दल त्याला. बाप जावयावर विश्वास ठेवत नाही आणि तसं म्हणतही नाही. जमीन थोरल्या सुझॅनाकडून तिच्या पहिल्या मुलग्याकडे, मग दुसऱ्या, असं करत सातव्यापर्यंत मोजून लिहिली. सुझॅनाला एकही मुलगा झाला नाही. एक मुलगी झाली, ती 1670 मध्ये निपुत्रिक वारली.

आता परत मार्गारेटकडे. 1482 मध्ये ती थकलेली आहे. नवरा ब्रोमहोमच्या मठात पुरला आहे, पण ती म्हणते, मला माझ्या माहेरच्या मॉटबीच्या चर्चमध्ये पुरा. मॉटबीची जमीन तिची स्वतःची, ती एकुलती वारस होती. नॉरिचच्या वेशींवर बसणाऱ्या कुष्ठरोग्यांना ती पैसे ठेवते. मोलकरीण अ‍ॅग्नेस स्वान हिला फर लावलेला झगा, पट्टा आणि 20 शिलिंग. मुलगी अ‍ॅनला मॉटबीच्या दिवाणखान्यातली हिरवी भिंतकापडं. ही अ‍ॅन विल्यम येल्व्हर्टनला दिली होती, ज्याने फास्टॉल्फच्या मृत्युपत्रावर आक्षेप घेतला त्या न्यायाधीशाच्या नातवाला.

थोरला सर जॉन 1479 मध्येच वारला होता, लग्न न करता. पण त्याला एक मुलगी होती, आणि आजी तिला विसरत नाही. "सर जॉन पॅस्टनची अनौरस मुलगी कस्टन्स, तिला वयाच्या 20व्या वर्षी 10 मार्क." अनौरस हा शब्द ती टाळत नाही. आणि बापाचं नावही टाळत नाही.

मग येतं जॉन कॉलचं कलम. मार्जरी तोवर बहुधा हयात नव्हती. 1469 मध्ये जिच्यासाठी दार लावलं, तिचं नाव "माझी मुलगी मार्जरी" असं इथे लिहिलं आहे. मुलांची नावं एकामागून एक आहेत: जॉन, विल्यम, रिचर्ड. तिसऱ्याचं नाव त्याच्या बापाचं, त्या कारभाऱ्याचं. 20 पौंड ही रक्कम कस्टन्सच्या तिप्पट आहे. आजीला नातवांची नावं माहीत होती, जन्माचा क्रमही माहीत होता. कुणीतरी येऊन सांगत असणार. कोण ते कागदावर नाही.