दोन डॉलरांच्या ताटाचे पैसे कोण देत होतं?

मंडळी, अमेरिकेची सहल करून आलेले बरेच जण आज समोर बसले आहेत. लॉस एंजेलिसहून ग्रँड कॅन्यनकडे जाताना लास व्हेगासचा मुक्काम बहुतेक सहलींत असतोच. नव्वदच्या दशकात तिथून परतलेली माणसं रोषणाईइतकंच जेवणाचं कौतुक करायची. किती स्वस्त आणि किती भरपूर! आता परतणारे भाव सांगतात. सीझर्स पॅलेस या कॅसिनो-हॉटेलातल्या बॅकनाल बुफेला आज माणशी ऐंशी डॉलरांहून अधिक पडतात. चार जणांचं कुटुंब एकदा जेवलं की कर आणि टिप धरून तीस हजार रुपयांच्या वर गेले.

‘महागाई वाढली’ एवढ्यावर हा विषय सोडून देता येईल. मला ते पटत नाही. महागाई सगळ्या अमेरिकेत वाढली, पण स्वस्त बुफे ही व्हेगासची खास गोष्ट होती आणि ती संपण्याची कारणंही खास तिथलीच आहेत.

सुरुवात एल रांचो व्हेगासपासून करू. आज ज्याला स्ट्रिप म्हणतात, त्या रस्त्यावरचं हे पहिलं कॅसिनो-हॉटेल, १९४१ सालचं. तिथे चाळिशीच्या दशकात बकारू बुफे सुरू झाला. डॉलर-सव्वा डॉलर द्यायचा आणि पोटभर खायचं. हर्ब मॅकडॉनल्ड नावाच्या तिथल्या माणसाने एका रात्री स्वतःसाठी चीज आणि थंड मांसाचे काप बारवर आणून ठेवले आणि खेळणारे लोक त्याभोवती जमले, अशी त्याची जन्मकथा सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, हेतू उघड होता. मध्यरात्री भूक लागलेला माणूस बाहेर पडला तर परत येईल याची खात्री नाही. त्याला इथेच खाऊ घाला, म्हणजे तो पुन्हा टेबलावर बसेल.

आता जरा हिशेब मांडू, कारण सगळं मर्म त्यात आहे. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कुठे थांबेल यावर पैसे लावायचे. त्याच्या अमेरिकन चाकावर छत्तीस आकडे आणि दोन शून्यं असतात. त्या दोन शून्यांमुळे लावलेल्या प्रत्येक शंभर डॉलरांतले सरासरी सव्वापाच डॉलर कॅसिनोकडे राहतात. एखादा माणूस दर फेरीला पाच डॉलर लावतो आणि तासाला चाळीस फेऱ्या होतात, असं धरा. तासाभरात त्याने दोनशे डॉलर लावले, म्हणजे सरासरी साडेदहा डॉलर गमावले. एखाद्या तासाला तो जिंकेलही, पण हजार माणसांची सरासरी काढली की आकडा इथेच येतो. तासाला साडेदहा डॉलर देणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन डॉलरांत जेवू घालणं ही उदारता नव्हती, ती गुंतवणूक होती. म्हणून बुफे नेहमी आत, अगदी मागच्या बाजूला असे. तिथे पोहोचायला आणि तिथून निघायला मशिनांच्या रांगांमधूनच जावं लागे.

याच हिशेबावर गोल्डन गेट कॅसिनोत १९५९ पासून पन्नास सेंटला कोळंबीचं कॉकटेल मिळत असे. पुढे कितीतरी वर्षं त्याचा भाव नव्व्याण्णव सेंट होता. २०१७ साली ते बंद झालं. बेनी बिनियनच्या हॉर्सशू कॅसिनोत मध्यरात्रीनंतर दोन डॉलरला स्टेक मिळायचा. मालक स्वतः जुगाराच्या धंद्यात मुरलेला. स्वयंपाकघराला तोटा किती झाला, हे तो वेगळं पाहत नसे. रात्र संपल्यावर एकूण गल्ल्यात किती आले, एवढंच पाही.

हे बदललं ते मालक बदलल्यावर. व्हेगास ज्यात आहे त्या नेवाडा राज्याने १९६७ आणि १९६९ साली कायदे बदलून शेअर बाजारातल्या कंपन्यांना कॅसिनो चालवणं सोपं केलं. कंपनी आली की खात्यांचे हिशेब आले. खोल्यांचं खातं वेगळं, खाण्यापिण्याचं वेगळं, जुगाराचं वेगळं, आणि प्रत्येक खात्याच्या साहेबाने नफा दाखवायचा. ज्या साहेबाच्या गळ्यात बुफे पडला त्याने काय करावं? त्याच्या तोट्याचा फायदा दुसऱ्याच खात्यात जमा होत होता. तरीही सवय आणि स्पर्धा यांच्या जोरावर स्वस्त बुफे बरीच वर्षं तगला. १९८९ साली मिराज हे कॅसिनो-हॉटेल उघडलं, १९९२ साली वुल्फगँग पक या नामांकित शेफचं स्पागो रेस्टॉरंट सीझर्सच्या बाजारपेठेत आलं, आणि व्हेगासच्या लक्षात आलं की माणसं इथे जेवणासाठीही मोठे पैसे द्यायला तयार आहेत. शतक संपता संपता स्ट्रिपवरच्या मोठ्या कॅसिनोंचं निम्म्याहून जास्त उत्पन्न जुगाराबाहेरून, म्हणजे खोल्या, जेवण आणि कार्यक्रम यांतून येऊ लागलं. जेवण ज्याचं आमिष होतं, त्या जुगाराच्या बरोबरीने ते स्वतःच विक्रीचा माल झालं.

त्यात आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल फार बोललं जात नाही. जागेचं भाडं. बेलाजिओची इमारत २०१९ साली सव्वाचार अब्ज डॉलरना ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीला विकली गेली आणि कॅसिनो चालवणारी कंपनी स्वतःच्याच जुन्या वास्तूत भाडेकरू झाली. वर्षाचं भाडं ठरलं साडेचोवीस कोटी डॉलर. एवढं भाडं भरणारा भाडेकरू शेकडो खुर्च्यांची जागा तोट्यात का चालवेल?

मग २०२० चा मार्च. नेवाडातले सगळे कॅसिनो बंद झाले, ते ४ जूनला उघडले, पण बुफे बहुतेक ठिकाणी उघडले नाहीत. रिओ कॅसिनोचा कार्निव्हल वर्ल्ड बुफे गेला आणि त्या जागी वेगवेगळ्या काउंटरांचा फूड हॉल आला. गावातल्या लोकांसाठी कॅसिनो चालवणाऱ्या स्टेशन कंपनीने आपले बुफे कायमचे गुंडाळले. साथीने बुफे मारला असं म्हणतात. मी म्हणेन, साथीने कंपन्यांना दार बंद ठेवण्याची सबब दिली. निर्णय हिशेबवह्यांत आधीच झालेला होता.

खर्च वाढले नाहीत असं मी म्हणत नाही. खेकड्याचंच घ्या. बुफेत रांग लागते ती लांब पायांच्या खेकड्यांपुढे. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात पाणी तापलं आणि अब्जावधी स्नो क्रॅब नाहीसे झाले. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये त्या मासेमारीचा हंगाम इतिहासात प्रथमच रद्द करावा लागला. त्याच वर्षी युक्रेन युद्धामुळे अमेरिकेने रशियाची मासळी आणणं बंद केलं आणि दुसरा मोठा स्रोतही आटला. हवं तेवढं वाढून घ्या म्हणणाऱ्याला हे फार झोंबतं, कारण सगळ्यात महागड्या पदार्थावरच लोक तुटून पडतात. टाकलेल्या अन्नाचा बोजा वेगळाच. उत्तर लास व्हेगासमध्ये आरसी फार्म्स नावाचं वराहपालन केंद्र होतं. कॅसिनोंचं उष्टं शिजवून हजारो डुकरं पोसली जात. मोफत वाटणाऱ्या भरपूरपणाचा किती भाग कुणाच्याच पोटात जात नव्हता, हे त्यावरून कळतं.

मजुरीही वाढली. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये हॉटेल कामगारांच्या कलिनरी युनियनने मोठ्या कंपन्यांशी करार केले. पाच वर्षांत पगार आणि सवलती मिळून सुमारे ३२ टक्के वाढ. पण भांडी घासणाऱ्या आणि खोल्या आवरणाऱ्या माणसांकडे बोट दाखवून महागाईची चर्चा संपवणं मला मान्य नाही. याच युनियनच्या लोकांनी फ्रंटियर हॉटेलपुढे १९९१ ते १९९८ अशी सहा वर्षांहून अधिक काळ धरणं धरली आणि एकही सभासद फुटून आत गेला नाही. त्यांच्यामुळे त्या शहरात वेटरलाही घर घेता आलं.

माझा खरा आक्षेप पुढे आहे. जेवणाला पूर्वी खेळणाऱ्यांचा जुगारातला तोटा पोसत होता. ठीक, ते बंद झालं, जेवणाचे पैसे जेवणाऱ्याने द्यावेत. मग खेळणाऱ्याकडून पूर्वी जास्तीचं घेत होतात, ते आता कमी करायला नको का? झालं उलटंच. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पहिल्या दोन पानांतच एकवीस आले तर पूर्वी दहा डॉलरांवर पंधरा मिळत. आता स्ट्रिपवरच्या कितीतरी टेबलांवर बारा मिळतात. असा हात साधारण एकवीस डावांत एकदा येतो. तासाला साठ-सत्तर डाव धरले तर एवढ्या एका बदलाने तासाला नऊ-दहा डॉलर जादा गेले. रूलेटला तिसरं शून्य जोडलं गेलं, कॅसिनोचा वाटा शेकड्याला सव्वापाचावरून पावणेआठच्या जवळ गेला. खोलीच्या भाड्यावर रिसॉर्ट फी आली, २०१६ पासून पार्किंगचे पैसे आले. म्हणजे खाणाऱ्याकडूनही घेतलं आणि खेळणाऱ्याकडूनही.

याचा फटका कुणाला बसला? सहलीला जाणारे आपण दोन दिवसांचे पाहुणे. गावातले निवृत्त लोक, पाळी संपवून येणारे कामगार, मुलाबाळांची कुटुंबं यांना रविवारी एकत्र बसायला परवडणारी मोठी टेबलं त्या बुफेंनीच दिली होती. साउथ पॉइंट, मेन स्ट्रीट स्टेशन अशा काही ठिकाणी ती अजून आहेत, पण मोजकीच.

पाहुणेही आता हात आखडतात. २०२५ च्या जूनमध्ये व्हेगासला येणारे आदल्या जूनपेक्षा अकरा टक्क्यांनी घटले. त्याच वर्षी एमजीएम या कॅसिनो कंपनीचे प्रमुख बिल हॉर्नबकल यांनी आपल्या एक्सकॅलिबर हॉटेलमधल्या बारा डॉलरांच्या कॉफीबद्दल आपली चूक जाहीरपणे कबूल केली.

आपल्याकडे, मांडवीत उभ्या असलेल्या गोव्याच्या कॅसिनो-बोटींवर जुनी पद्धत वेगळ्या रूपात चालू आहे. प्रवेशाच्या पॅकेजमध्येच जेवण आणि पेयं येतात. तिथे जाणाऱ्याने आणि व्हेगासला जाणाऱ्यानेही बुफेचा भाव विचारण्याआधी टेबलावरच्या कापडाकडे पाहावं. ब्लॅकजॅकला दोनास तीन (दहाला पंधरा) देतात की पाचास सहा (दहाला बारा), हे त्या कापडावरच बहुधा छापलेलं असतं. रूलेटच्या चाकावरची शून्यं तर उभ्या उभ्या मोजता येतात.