बारावीचं वर्ष आणि सहावीतला मुलगा

(सातारा इथे पालक आणि विद्यार्थ्यांसमोर केलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, नमस्कार.

सैनिक शाळेतल्या शेवटच्या वर्षाच्या आठवणी आणि पुढची स्वप्नं, असा विषय मला दिलाय. मी 1994 साली इथल्याच सैनिक शाळेतून बारावी झालो. तेव्हा शाळा फक्त मुलांची होती. त्यानंतर आयुष्यभर गणित शिकवलं, आणि त्यातली बरीच वर्षं एन.डी.ए.च्या, म्हणजे सैन्यदलांचे अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या, परीक्षेला बसणाऱ्या मुलांना. त्यामुळे पालक भेटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, यंदा किती लागले?" प्रश्नात चूक काही नाही. पण बारावीच्या वर्षाकडे फक्त त्या एका प्रश्नाच्या खिडकीतून बघितलं, की त्या वर्षाचा मोठा भाग दिसतच नाही. मला आज त्या न दिसणाऱ्या भागाबद्दल बोलायचंय.

आधी थोडं शाळेबद्दल. 23 जून 1961 रोजी साताऱ्यात केंद्राच्या सैनिक शाळा योजनेतली देशातली पहिली शाळा सुरू झाली. व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री होते, यशवंतराव चव्हाण राज्याचे मुख्यमंत्री. कल्पना साधी होती. अधिकारी होण्यासाठी लागणारं शिक्षण तोवर ठरावीक घरांतल्या मुलांना मिळायचं. ते शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या, एस.टी. कंडक्टरच्या मुलाला मिळावं. जागा, इमारती, शिष्यवृत्त्या राज्य सरकारच्या आणि कारभार संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या संस्थेचा. या जिल्ह्याला सैन्य नवीन नव्हतंच. इथून जवळच्या अपशिंगे गावानं पहिल्या महायुद्धात 46 माणसं गमावली, त्यांची नोंद गावात कोरलेली आहे. पण त्या काळी इथला माणूस शिपाई म्हणून जायचा. त्याच्या नातवानं अधिकारी म्हणून जावं, यासाठी ही शाळा. मी स्वतः एका प्राथमिक शिक्षकाचा मुलगा. शाळा नसती, तर एन.डी.ए. ही तीन अक्षरं आमच्या घरात कुणाला कळलीही नसती.

आता बारावीकडे येतो.

पहाटेची शिट्टी, पी.टी., मेस, वर्ग, दुपारची झोप, खेळ, रोल कॉल, संध्याकाळचा प्रेप म्हणजे अभ्यासाचा तास, दिवे बंद. सहा वर्षं हेच. बारावीत फरक इतकाच पडतो, की आता शिट्टी तुम्ही वाजवता. वर्गातल्या काहींना नेमणुका मिळतात. कुणी स्कूल कॅप्टन, कुणी हाऊस कॅप्टन, कुणी मेस कॅप्टन. माझ्याकडे सहावीच्या मुलांची डॉर्मिटरी आली. ती कुणाला नको असायची, कारण सगळे मित्र आपल्या मजल्यावर आणि तुमची एकट्याची खाट त्या चिमण्यांच्या खोलीत, दाराजवळ.

दहा-अकरा वर्षांची मुलं. टायची गाठ येत नाही, मच्छरदाणी खोचता येत नाही, ट्रंकेची किल्ली रोज हरवते. दिवसा ठीक असतात. दिवे गेले की सुरू होतं. उशीत तोंड खुपसून रडणाऱ्या मुलाचा आवाज फार बारीक असतो, पण पंधरा दिवसांत मला अंधारातही कळायला लागलं की आज कोण रडतोय. एकदोघांचं अंथरूण ओलं व्हायचं. शिट्टीच्या आधी उठायचं, त्याला हलकेच उठवायचं, चादर बदलायची, ओली चादर घडी करून बादलीत टाकायची. बाकीची मुलं उठायच्या आत सगळं उरकलेलं असलं पाहिजे. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी सहावीत असताना एका सिनियरनं माझ्यासाठी हेच केलं होतं, आणि कधी कुणाजवळ बोलला नव्हता.

इथे एक स्पष्ट बोलतो, कारण समोर बारावीची मुलं बसली आहेत. निवासी शाळांमध्ये सिनियर म्हटलं की हात उगारायचा परवाना, असं काही मुलं समजतात. 'आम्ही पण मार खाल्ला' हे कारण पिढ्यान् पिढ्या पुढे सरकतं. मी त्याला शिस्त मानत नाही, तेव्हाही मानली नाही. ज्याच्या खोलीत दहा वर्षांची मुलं झोपतात, त्यानं अजून स्वतःला कळत नसलेला राग त्यांच्यावर काढायचा नसतो.

आमच्या त्या वर्षी, 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी. गावोगाव गणपती बोळवून माणसं नुकती कुठे झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसं गेली. आम्हाला सकाळी मेसमध्ये रेडिओवर कळलं. किल्लारी हे नाव ऐकलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला, कारण माझ्या डॉर्मिटरीतला एक मुलगा औसा तालुक्यातला होता. गाव किल्लारीपासून फार लांब नाही.

तो दुधाचा पेला हातात धरून बसला होता. त्याला अजून माहीत नव्हतं.

हाऊस मास्तरांनी मला बाजूला घेतलं आणि एवढंच म्हणाले, "आजपासून तू वर्गात नाही आलास तरी चालेल. त्याच्याजवळ राहा." फोन लागत नव्हते. तारेचं उत्तर नव्हतं. वर्तमानपत्रांत फोटो यायला लागले, ते त्याच्यापासून लपवायची धडपड आम्ही केली आणि ती फसली. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचा जड थर लादलेली माळवदं, सगळी घरं आत बसलेली. त्याचं घर तसंच होतं. त्यानंच सांगितलं, "सर, आमच्या भिंती दोन हात रुंद आहेत." अभिमानानं सांगायची गोष्ट होती ती, भूकंपाच्या आदल्या दिवसापर्यंत.

तो जेवेना. बोलेना. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं आपले काळे बूट काढले आणि पॉलिश करायला घेतले. ते झाले, मग शेजारच्या खाटेखालचे. मग त्याच्या पलीकडचे. चेरी ब्लॉसमची डबी, जुन्या बनियनची चिंधी. बुटाच्या टोकावर तोंडाची वाफ सोडायची, बोटाभोवती चिंधी गुंडाळायची आणि लहान लहान गोल फिरवत राहायचं. मी अडवलं नाही. शेजारी बसलो आणि ब्रशनं धूळ झाडून एकेक बूट त्याच्या हातात देत गेलो. संध्याकाळपर्यंत सगळ्या डॉर्मिटरीचे बूट ओळीत चकाकत होते. आम्ही दोघं एक शब्दही बोललो नव्हतो. रात्री तो पोळीचा एक तुकडा खाऊन झोपला.

तिसऱ्या दिवशी त्याचा मामा आला. आजी आणि धाकटी बहीण गेली होती. आईवडील त्या रात्री शेतात राखणीला झोपले होते, म्हणून वाचले. मामानं हे मला फाटकापाशी सांगितलं. पोराला कसं सांगायचं, हे त्याला कळत नव्हतं. सतरा वर्षांचा मी. मलाही कळत नव्हतं. आम्ही तिघं झाडाखाली बसलो आणि मामानं सांगितलं, एवढंच मला नीट आठवतं.

मी एन.डी.ए.ची लेखी परीक्षा उत्तीर्ण झालो होतो. जानेवारीत एस.एस.बी.ला, म्हणजे सैन्यदलांच्या निवड मंडळाच्या चाचण्यांना आणि मुलाखतीला, गेलो. मुलांना हे माहीत आहे, पालकांसाठी सांगतो. लेखी परीक्षा 900 गुणांची, गणिताचे 300 आणि सामान्य क्षमता चाचणीचे 600. एस.एस.बी.चे आणखी 900. पाच दिवस चालतं. छातीवर नंबर लागतो आणि पाच दिवस तुम्ही त्या नंबरानंच ओळखले जाता. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. मैदानावर फळ्या, दोर, पिंपं घेऊन गटानं अडथळा पार करायचा. मुलाखतीत विचारलं, "गेल्या वर्षभरात तुम्ही कुठली जबाबदारी पार पाडली?" मी बूट पॉलिशची गोष्ट सांगितली. क्लासमध्ये पाठ केलेलं उत्तर वेगळं होतं. ते तोंडातून आलंच नाही. मी रेकमेंड झालो, म्हणजे मंडळानं माझी शिफारस केली.

मग वैद्यकीय तपासणी. डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांच्या वर्तुळांचं पुस्तक पुढे धरलं. ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. जिथे सगळ्यांना 8 दिसतो, तिथे मला 3 दिसत होता. पुढची पानंही तशीच. डॉक्टर शांतपणे पानं उलटत राहिले आणि मला कळून चुकलं. लाल-हिरव्याचा रंगांधळेपणा. बारावीपर्यंत मला स्वतःलाच पत्ता नव्हता. हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो, आईला स्वतःला मात्र तो नसतो. हे कुणीतरी माझ्या आईला सांगितलं आणि ती आठ दिवस "माझ्यामुळं झालं" म्हणत राहिली. पालकांनो, असा प्रसंग आला तर घरात दोषाचा हिशेब मांडू नका. मुलाच्या पदरी आधीच पुरेसं असतं.

मी शाळेत परतलो तेव्हा वर्गातले आम्ही सगळेच मार्गी लागलेलो नव्हतो. कुणी लेखी परीक्षेतच अडकला होता, कुणी एस.एस.बी.च्या शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सनंतर, म्हणजे मंडळाच्या निर्णयाच्या बैठकीनंतर, परत आला होता. जे निवडले गेले होते त्यांनी त्या रात्री पार्टी केली नाही. ते आमच्या खाटांवर येऊन बसले आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्याबरोबर बोर्डाच्या परीक्षेचा अभ्यास करायला लागले. त्यांना त्या गुणांची आता तेवढी गरज नव्हती. आजही आमचा वर्ग वर्षातून एकदा भेटतो, त्यात ब्रिगेडियर आहे आणि कांद्याचा व्यापारीही आहे. दोघं एकमेकांना टोपणनावानंच हाक मारतात. त्या टोपणनावांमागे काय गोष्टी आहेत, ते मात्र व्यासपीठावरून सांगता येणार नाही.

औशाचा मुलगा तोवर शाळेत परत आला होता. त्यानं विचारलं, "सर, तुम्हाला लाल रंग दिसतच नाही?" म्हटलं, दिसतो, पण कधीकधी हिरवा कोणता आणि तपकिरी कोणता ते कळत नाही. तो गेला. दोन दिवसांनी त्याची रंगीत खडूंची पेटी घेऊन आला. बारा खडू. प्रत्येकाला कागदाची पट्टी चिकटवलेली आणि पट्टीवर बॉलपेननं नाव: लाल, पोपटी, गडद हिरवा, विटकरी. "आता चुकणार नाही," म्हणाला. ती पेटी माझ्या टेबलाच्या खणात आहे. खडू झिजलेत, पट्ट्या टिकल्यात.

आता पुढच्या स्वप्नांचं. एन.डी.ए.च्या प्रत्येक परीक्षेला साधारण 400 जागा असतात आणि अर्ज लाखांच्या घरात जातात. गणिताचा माणूस म्हणून मी हे तुमच्यापासून लपवू शकत नाही. पूर्ण जोर लावून प्रयत्न करा. मीही केला होता आणि त्याचा मला आजही आनंद आहे. पण खडकवासल्याच्या, म्हणजे एन.डी.ए.च्या, दारातून आत गेला नाहीत, म्हणून ही सहा-सात वर्षं वाया गेली असं कुणी म्हणालं, घरातलं म्हणालं तरी, ऐकू नका.

आपल्याच शाळेचे कर्नल संतोष महाडिक. इथल्याच पोगरवाडीचे. सैन्याच्या 41 राष्ट्रीय रायफल्स या तुकडीचे कमांडिंग ऑफिसर असताना 17 नोव्हेंबर 2015 रोजी काश्मीरमधल्या कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या आठवणी सांगण्याचा अधिकार त्यांच्या वर्गमित्रांचा आणि सहकाऱ्यांचा, माझा नाही. मला बोलायचंय त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांच्याबद्दल. दोन मुलांची आई असलेल्या या बाईंनी सैन्याची निवड प्रक्रिया पार केली, चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीत तरुण मुलामुलींच्या बरोबरीनं प्रशिक्षण घेतलं आणि सप्टेंबर 2017 मध्ये लेफ्टनंट झाल्या. आमच्या काळी मुलींसाठी ना सैनिक शाळा होती, ना एन.डी.ए. 2021 पासून सगळ्याच सैनिक शाळांच्या सहावीत मुली आल्या. 30 मे 2025 ला एन.डी.ए.तून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. मुलांच्या शाळेच्या आठवणी सांगणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या बातमीनं जितका आनंद झाला, तितका स्वतःच्या रेकमेंडेशननंही झाला नव्हता.

औशाच्या त्या मुलानं दहावीनंतर शाळा सोडली. घर पुन्हा उभं करायचं होतं, वडिलांचा एक हात अधू झाला होता. तो शेती करतो, सोयाबीन आणि हरभरा. यंदा त्याची मुलगी सैनिक शाळेच्या सहावीत लागली. त्याचा फोन आला, "सर, ट्रंकेत काय काय द्यायचं?" मी यादी सांगितली. दोन कुलपं, किल्ल्यांचा एक जोड हाऊस मास्तरांकडे ठेवायला, नाव शिवलेले टॉवेल, चादरी सांगितल्या त्यापेक्षा एक जास्त. त्यानं सगळं लिहून घेतलं. मग थोडा वेळ थांबला आणि विचारलं, "रात्री तिच्या खोलीत कोण असतं, सर?"

म्हटलं, वरच्या वर्गातली एखादी मुलगी असेल. 2021 ला जी पहिली तुकडी आली ना, त्यातली.

"मग ठीक आहे," म्हणाला.