बिल कोणाचं, बिघाड कोणाचा?

आधी हात वर करा. किरायाच्या घरात राहणारे किती? आणि घर किरायाने देणारे? म्हणजे दोन्ही पक्ष हजर आहेत, आणि शेजारीशेजारीच बसलेत. घरी जाताना बोलणं बंद करू नका म्हणजे झालं.

मी आयटीआयमध्ये पोरांना वायरमन ट्रेड शिकवला. त्या काळात आम्ही नागपुरात मानेवाड्याला वरच्या मजल्यावर राहायचो. खाली घरमालक, त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो. माणूस प्रेमळ, मृगाची संत्री आली की पहिली पिशवी आमच्याकडे. एका मे महिन्याचं बिल आलं ५१५ युनिटचं. एरवी उन्हाळ्यात कूलर लावूनही आमचे २९० च्या आसपास व्हायचे. बिल घेऊन खाली गेलो, तर काकाजी म्हणाले, "बाप्पा, कूलर रातभर चालते तुमचा, तं बिल येईनच ना!"

नागपुरात बिलाच्या भांडणात पहिला आरोपी कूलरच असतो, म्हणून त्याचा हिशेब ऐका. पंखा आणि पाण्याची छोटी मोटर मिळून धरा २०० वॅट. दहा तासांचे दोन युनिट, महिन्याचे ६०. ते तर २९० मध्ये होतेच. मग वरचे २२५ कोणाचे?

ते हिनं शोधलं. एका रात्री दोनच्या सुमाराला कूलरच्या टाकीतलं पाणी संपलं म्हणून तिनं तो बंद केला, आणि त्या शांततेत जिन्याखालचा बोअरच्या मोटरचा स्टार्टर खट्कन लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं सुटला. परत लागला. गच्चीवरची टाकी तर संध्याकाळीच भरलेली. मी टॉर्च घेऊन वर गेलो. त्या टाकीत पाणी बुडातून चढायचं आणि बोअरच्या पाइपातला एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं फिरू न देणारा व्हॉल्व्ह, गळत होता. चढवलेलं पाणी परत बोअरमध्ये उतरायचं, पातळी घसरली की ऑटो स्विच मोटर चालू करायचा. तेच पाणी रात्रभर वर, खाली, वर, खाली! दीड एचपीची मोटर सव्वा किलोवॅट खेचतेच. सहा तास धरले तर रात्रीचे साडेसात युनिट, महिन्याचे २२५. पाणी दोन्ही घरांना, वायर मात्र आमच्या मीटरवरून.

काकाजींनी व्हॉल्व्ह बदलला, पण बिलाचं म्हणाले, "तुम्ही राहता तवाच बिघडला ना?" मी पूर्ण बिल भरलं. ते वाक्य अजून खटकतं मला.

आणखी एक अन्याय कोणी मोजत नाही. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांवर चढतो. बिघाडाचे युनिट वापराच्या वर चढतात, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यात बसतात. म्हणून वाटणी सरासरी दरानं करू नका. बिघाडासकटचं बिल वजा बिघाडाशिवायचं बिल, तो फरक यंत्र ज्याचं त्यानं द्यावा. भाडेकरूनं स्वतःचा गीझर आणला असेल तर तो त्याचा, हेही तितकंच खरं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. या भाषणात सांगेन म्हणून जाहीर केला होता तो भाड्याचा कायदा आता धावतच सांगतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. कलम १४: करारात वेगळं ठरलेलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकाचं काम. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही त्यानं केलं नाही, तर भाडेकरू दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. वायरिंग आणि बोअरची मोटर यात आलीच पाहिजे असं माझं मत आहे. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवाल्यांनी या कलमावर विसंबू नये, हीच अट करारात लिहून घ्यावी. कलम ५५: करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी मालकाची, नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य. आणि भांडण झालं म्हणून मालकानं वीज-पाणी तोडायचं नाही, कलम २९.

किल्ली देताना दोघांनी मीटरसमोर उभं राहा. मेन चालू, घरातलं सगळं बंद. मीटरचा लाल दिवा लुकलुकतोय? मग वायरिंगमध्ये लिकेज तरी आहे, नाहीतर दुसऱ्याची लाइन जोडलेली आहे. आकडा आणि तारीख लिहा, दोघांच्या सह्या करा. पुढे बिघाड दिसला की त्याच दिवशी लेखी कळवा. त्या तारखेनंतरही मालकानं दुरुस्ती टाळली, तर "मला ठाऊकच नव्हतं" म्हणायला जागा उरत नाही.

प्रश्नांना वेळ नाही म्हणतात. ज्यांच्याकडे बोअर आहे त्यांनी बाहेर जिन्यापाशी थांबा. तुमच्या टाकीत पाइप वरून येतो की बुडातून, ते मला सांगा.