समासातील टिपेचा हेतू कोणता?

नमस्कार. पडद्यावर दिवाळी अंकासाठी आलेल्या एका लेखातील वाक्य आहे: ‘१२ जुलै १९६२ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्यात पूर आला.’ त्यावर सदाशिव पेठेतील आमच्या कार्यालयातून मीच टीप लिहिली होती: ‘१९६१ करावे. हे साल कोठून घेतले?’ लेखकाने साल दुरुस्त करून ‘रिझॉल्व्ह’चे, म्हणजे टीप निकालात काढण्याचे, बटण दाबले आणि माझा प्रश्न उत्तराविनाच दिसेनासा झाला. त्याच स्रोतातून उचललेल्या आणखी दोन तारखा तशाच छापून आल्या.

चूक लेखकाची नव्हती. मी दोन वेगळी कामे एकाच टिपेत कोंबली होती. दुरुस्ती स्वीकारली किंवा नाकारली की संपते, प्रश्न मात्र उत्तर मिळाल्यावरच संपतो. नुसते रंगवून ठेवलेले वाक्य तर संपतच नाही, त्यामुळे त्यावर ‘रिझॉल्व्ह’चे बटण कशासाठी असते हे मला आजवर कळलेले नाही. म्हणून टिपांची विभागणी रंगावरून किंवा लिहिणाऱ्याच्या नावावरून न करता, ती टीप समोरच्याकडून काय मागते यावरून करावी, असे माझे मत आहे.

वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने २३ फेब्रुवारी २०१७ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध केलेल्या वेब ॲनोटेशनच्या, म्हणजे वेबवरील टिपांच्या, मानकात दुरुस्ती, प्रश्न, प्रत्युत्तर, मूल्यमापन, वर्गीकरण, वाचनखूण असे तेरा हेतू दिले आहेत. त्यातील खरी उपयोगाची गोष्ट थोडी आत दडलेली आहे: एकाच लक्ष्यावरील (म्हणजे ज्या मजकुरावर टीप केली त्यावरील) टिपेत मजकुराचे अनेक तुकडे असू शकतात आणि संपूर्ण टिपेच्या हेतूखेरीज प्रत्येक तुकड्याला स्वतःचा हेतू देता येतो. नुसत्या रंगवलेल्या वाक्यावर टिपेचा मजकूर नसला तरी चालते.

छापील पानावर हे काम जागाच करते. भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत पाठभेद, म्हणजे निरनिराळ्या हस्तलिखितांतील वेगळे शब्द, पानाच्या तळाशी असतात, त्यामुळे ती टीप कशासाठी आहे हे वाचकाला विचारावे लागत नाही. संगणकावरील एडिटरमध्ये मात्र सगळ्या टिपा उजवीकडे एकाच आकाराच्या चौकटीत येतात.

आता तीच टीप मी दोन तुकड्यांत लिहितो. ‘१९६१ करावे’ याला ‘दुरुस्ती’ हा हेतू दिला आणि ‘हे साल कोठून घेतले?’ याला ‘प्रश्न’. दुरुस्ती स्वीकारली, पाहा, ती चौकटीतून गेली. प्रश्न अजून लेखकाच्या नावावर उघडाच आहे.