ओके टेस्टेड

(पडद्यावर: भोसरीतलं एक गॅरेज. जुनी पांढरी गाडी. तिच्याभोवती चौघे.)

ही गाडी कुठल्या कंपनीची ते सांगायचं नाही, ही या चौघांची पहिली अट. म्हणून बोनेटवरचं नाव काढून टाकलंय. त्या जागी दोन भोकं उरली आहेत. आपापल्या कारखान्यांची नावंही त्यांनी घेतली नाहीत. "पेन्शन त्यांचीच येते," एवढंच म्हणाले.

चौघेही निवृत्त. आयुष्यभर एकच काम केलं. दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा. कागदोपत्री हे क्वालिटी कंट्रोल. लाइनवर यांची चाहूल लागली की एकच आवाज उठायचा, "आले बघा नारद!"

मागं वह्या घेऊन उभी आहेत ती दोन पोरं आयटीआयची. त्यांना आम्हीच बोलावलं. का, ते पुढं दिसेलच.

(पडद्यावर: सुती हातमोजा घातलेला हात, दरवाज्यावरून सरकतोय.)

हाताकडे बघा. हातमोजा कशाला, असं पोरांनी विचारलं. उघड्या तळव्याला घाम असतो, कातडी पत्र्याला धरते. सुती कापड घसरत जातं, आणि मग पत्र्यातला बारीकसा खळगाही बोटांना लागतो. काकांनी डोळे मिटलेत, हात कमानीवरून खाली येतोय... थांबला. खडूचा गोल.

कॅमेरा अगदी जवळ नेला, आम्हाला काही दिसलं नाही. पोरांनाही नाही. मग काकांनी टॉर्च आडवा धरला, आणि गोलाच्या मधोमध सावली पडली. तीळभर डेंट.

हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसतं. लिहिता येतही नाही.

पुतण्याच्या लग्नात याच हातानं घोटाळा केला होता. वरातीची गाडी सजून दारात उभी. काकांनी झेंडूच्या माळांखालून सवयीनं हात फिरवला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं, "मागचा दरवाजा रिपेंट आहे." गाडी नवरीच्या मामांची होती. आठवड्यापूर्वीच घेतलेली, कोरी म्हणून.

(पडद्यावर: जुनी छायाचित्रं. कारखान्याचं गेट, सायकलींची रांग.)

हे चौघे कामाला लागले तेव्हा गाडीत खोट काढणं ही चैनच होती. कुर्ल्याला प्रीमियर, बंगालात उत्तरपाड्याला हिंदुस्तान मोटर्स, आणि गिऱ्हाईक वर्षानुवर्षं नंबर लावून बसलेलं. गाडी हातात आली यातच त्याला स्वर्ग. दार दोनदा आपटावं लागलं तर तो तीनदा आपटायचा आणि पेढे वाटायचा. डिसेंबर 1983 मध्ये गुडगावला मारुती 800 आली, मागोमाग जपानी शिस्त आली, आणि दार एकदाच लावायचं असतं हे देशाला कळलं. 1998 मध्ये पिंपरीच्या टेल्कोची, म्हणजे नंतरच्या टाटा मोटर्सची, इंडिका आली. 2009 मध्ये चाकणला मर्सिडीज आणि फोक्सवॅगनचे कारखाने उभे राहिले. त्या पाव शतकात पिंपरी-चिंचवडच्या घराघरांत काय्झेन (रोज थोडी सुधारणा), पोका-योके (चूक होऊच नये अशी सोय) हे जपानी शब्द रुळले. एका काकूंनी मिसळणाच्या डब्यावर लेबलं लावली ती तेव्हापासून. डबा मात्र कॅमेऱ्यासमोर आणू दिला नाही.

(पडद्यावर: पत्र्याचे दोन तुकडे, छिन्नी, हातोडी. आवाज तसाच राहू द्यावा.)

हे वेल्डिंगवाले काका. गाडीच्या सांगाड्यावर काही हजार स्पॉट असतात. तांब्याच्या दोन टोकांत पत्रे दाबायचे, वीज सोडायची, की पत्रे आतून वितळून जुळतात. वरून दिसतो फक्त वाटोळा ठसा. आत खरंच जुळलंय की नुसताच ठसा उमटलाय, हे ठोकल्याशिवाय कळत नाही. म्हणून स्पॉटशेजारी छिन्नी. बघा, पत्रा फाटला, पण स्पॉट सुटला नाही. बटणासारखा दुसऱ्या पत्र्याला धरून राहिला. हा पास.

अधूनमधून एक अख्खा सांगाडा असा शेवटच्या स्पॉटपर्यंत फोडायचा, हा नियमच होता. नव्यानं लागलेल्या एका पोराला हे कुणी सांगितलं नव्हतं. आपण काल घाम गाळून जोडलेली बॉडी दोन माणसं घणानं फोडतायत हे बघून तो धावत युनियनच्या ऑफिसात गेला. "साहेबांच्या डोक्यावर परिणाम झालाय, लवकर चला!" युनियनवाले खरंच आले. चहा पिऊन गेले.

(पडद्यावर: टॉर्क रेंच. खटका. पिवळा ठिपका.)

बोल्ट ठरलेल्या जोराला आवळला की रेंच खट्कन वाजतो. मग त्यावर पिवळ्या मार्करचा ठिपका. ठिपका म्हणजे सही. सेकंड शिफ्टच्या एका पठ्ठ्यानं यातून वेळ वाचवायची युक्ती काढली. आधी सगळ्या गाड्यांना ठिपके देऊन घ्यायचे, बोल्ट सावकाश. युक्ती चालली, अगदी मस्त चालली. मग एके दिवशी काकांना एक ठिपका सापडला, देखणा, पिवळाधमक, रिकाम्या भोकाच्या काठावर.

(पडद्यावर: पेंट शॉपच्या दारातलं दृश्य, काकांनी गॅरेजच्या शटरखाली करून दाखवलेलं. पोरं रांगेत.)

हा प्रसंग काकांनी स्वतः बसवलाय. रंगाचे सगळे थर मिळून जाडी साधारण 100 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा हिस्सा. एवढ्याशा थरावर तेलाचा कण पडला की रंग तिथून बाजूला सरतो आणि खड्डा पडतो. क्रेटर म्हणतात त्याला. केसांच्या तेलानं, क्रीमनं, डिओडरंटनं क्रेटर येतात. सिलिकॉन असलेली क्रीम तर सगळ्यांत वाईट. त्यामुळे पेंट शॉपच्या दारात काकांचं काम एकच, आत जाणाऱ्या प्रत्येकाचं डोकं हुंगायचं. दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस कसोटीचा. अभ्यंगस्नानाचं तेल काही केल्या जात नाही. एकदा खुद्द प्लांटचे साहेब पाहुणे घेऊन आले. काकांनी हुंगलं आणि म्हणाले, "साहेब, आपण बाहेर थांबा. पाहुण्यांना जाऊ द्या."

साहेब थांबले. हे सांगताना काकांचा चेहरा बघा.

(पडद्यावर: लाकडी पेटीत गेज. शेजारी झेंडूचं फूल.)

आता खंडेनवमी. यंत्राला हार, पान्याला हळदकुंकू, सगळं यथासांग. गेज म्हणजे माप तपासायची साधनं, ती ठेवतात त्या गेज रूममध्ये मात्र पूजा लांबूनच. तिथं तापमान 20 अंश, बारा महिने. जगभर मोजमापं 20 अंशांनाच धरतात. एक मीटर पोलाद त्याहून 20 अंशांनी तापलं, की जवळजवळ पाव मिलिमीटर लांबतं. (मे महिन्यात निम्म्या कारखान्याला अचानक काहीतरी मोजायचं असायचं, त्याचं कारणही हेच 20 अंश. साहेबांची केबिन सोडली तर एसी तिथंच.)

लाइनवर भोकाचं माप तपासायला प्लग गेज असतं. त्याला दोन टोकं, गो आणि नो-गो. गो टोक भोकात जायला हवं, नो-गो जाता कामा नये. गो गेलं नाही किंवा नो-गो गेलं, की माल बाद. दसऱ्यानंतर फर्स्ट शिफ्टला पहिल्याच पेटीत गो गेलं नाही. दुसरी पेटीही तशीच. तिसरीवर लाल टॅग लागला, लाइन थांबली, व्हेंडरला, म्हणजे माल पुरवणाऱ्याला, फोन गेला. तो बिचारा तळवड्याहून स्कूटर मारत आला. भोकं मोजली, बरोबर. पुन्हा मोजली, बरोबरच. शेवटी कुणीतरी गेज उजेडात धरलं. गो टोकावर कुंकवाची वाळलेली बोटं. कुणीतरी भक्तिभावानं, तेलात कालवून लावलेली.

व्हेंडरनं स्वतःच्या रुमालानं गेज पुसलं, नमस्कार केला आणि सगळा माल पास करून घेतला. त्या दिवशी त्यात चार वाकडे नगही खपले असतील, असं काकांचं आजही मत आहे.

महिनाअखेरीला तर नगच नव्हे, नियमही थोडे वाकायचे. डेव्हिएशन नावाचा कागद निघायचा, त्यावर साहेबाची सही झाली की कालचं रिजेक्ट आज ओके. पुढं व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती आली, कंत्राटी पोरं आली, कॅमेरेवाले रोबोट आले, चौघे घरी बसले.

(पडद्यावर: गाडीवर पाण्याचा फवारा. आत रेनकोट घातलेले काका, हातात टॉर्च.)

शॉवर टेस्ट. कारखान्यात चहूबाजूंनी नोझल असतात, इथं गॅरेजचा पाइप. आत बसून पाणी कुठून शिरतं ते शोधायचं. रबराच्या कडेनं टाल्कम पावडर भुरभुरायची, ओघळ आला की वाट उमटते. बघा, मागच्या काचेचा कोपरा. पोरानं पहिल्याच फटक्यात पकडला. शाबास.

एका मॉडेलचा पुढचा गालिचा रोज ओला निघायचा. रबर बदललं, सीलंट बदललं, डिझाइनवाले येऊन गेले. गळत होता तो तपासणाऱ्याचा रेनकोट. एक गाडी तपासून तो तस्साच दुसरीत जाऊन बसायचा.

(पडद्यावर: डिकी उघडते. काका आत झोपतात. डिकी बंद.)

खडखड शोधायची तर माणूस आवाजाजवळ हवा. पुढं बसून कळत नाही. म्हणून एक जण डिकीत. गाडी एमआयडीसीच्या खड्ड्यांतून चाललीये आणि आतून हुकूम येतायत: "डावीकडे घे! अजून एक खड्डा! हां, हाच, पुन्हा!" सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्यानं डिकीतला आवाज ऐकला. त्याची नजर कॅमेऱ्यात आलीये.

आवाज सापडला. मागच्या दरवाज्याच्या पोकळीत एक नट, गंजलेला. फॅक्टरीतून निघाल्यापासून तिथंच असावा, असं चौघांचं एकमत.

संध्याकाळी त्यांनी रीतसर रिपोर्ट लिहिला. पोरांच्या वहीत, पोरांच्याच हातून. दोन पानं, पाठपोट: डेंट, रिपेंट, गळती, दरवाज्यांच्या फटी, नट. खाली चौघांच्या सह्या. वही गॅरेजमालकाला दाखवली. तो वाचत गेला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. गाडी बघायला उद्या गिऱ्हाईक येणार होतं.

"काका, हे... डेव्हिएशनवर काढता येईल का?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. "महिनाअखेर आहे का आज?"