हलकं, लघु आणि लिव्हर

सोलापूर, सिद्धेश्वर पेठेतली एक गल्ली, सकाळचे साडेआठ. जुन्या घराच्या दारातला काळा दगड काढायचं काम चाललंय, दगड सहज पावणेदोनशे किलोचा असेल आणि माणसं दोनच, एक गवंडी मामा आणि त्यांच्या हाताखालचं पोरगं. पहारीचं टोक दगडाखाली सारलं, अलीकडं विटेचा तुकडा ठेवला, पोरगं दुसऱ्या टोकाला लोंबकळलं तरी दगड काय हलेना. मामा म्हणाले, "अरे वीट आत सरकव की, दगडाला चिकटव, हलकं होतंय बघ." वीट चार बोटं आत गेली आणि दगड उठला.

मामांचा तो शब्द धरून ठेवा, हलकं.

शाळेत आपण पहारीला तरफ म्हणायचो आणि विटेच्या तुकड्याला टेकू. इंग्रजीत लिव्हर. हा लिव्हर इंग्रजीत आला फ्रेंचमधून, फ्रेंचच्या मागं लॅटिन लेवारे म्हणजे उचलणं, आणि त्याच्याही मागं लॅटिन लेविस, म्हणजे चक्क हलका! आता गंमत बघा, लेविस आणि संस्कृतातला लघु हे सख्खे चुलत भाऊ, दोघांचं मूळ एकच. संस्कृत आणि लॅटिन एकाच उगमातून आल्या असाव्यात हे भाषा-अभ्यासक विल्यम जोन्सनी १७८६ मध्ये कलकत्त्यात मांडलं होतं, त्यातलाच हा एक धागा. पुढं लघुचं प्राकृतात लहु झालं, मग बोलता बोलता ल आणि ह नी जागा बदलल्या आणि आपल्या तोंडी आलं हलकं. हळू पण तिथूनच. म्हणजे मामा जे बोलले ते लिव्हर या शब्दाचं अर्थासकट मूळच बोलले, मला तर हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

हलकं होतं म्हणजे नेमकं काय होतं? पहार पाच फुटी. टेकू दगडाकडच्या टोकापासून अर्ध्या फुटावर, म्हणजे हाताकडं उरली साडेचार फूट, नऊपट. १८० किलोचा भार असेल तर हाताला २० किलो पुरतात. पण फुकट काही नाही, दगड एक इंच उचलायला हात नऊ इंच खाली न्यावा लागतो. हा हिशोब आर्किमिडीजनी दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवलाय. आजीचा अडकित्ता हीच तरफ, सोलापूरच्या पूर्व भागात विडीची पानं कापणाऱ्या बायकांच्या हातातली कात्री तर दोन तरफा एकाच खिळ्यावर.

लिव्हरेज हा शब्द मात्र आता शेअर मार्केटवाल्यांच्या तोंडी जास्त. स्वतःचे १० हजार, उसने ४० हजार, ५० हजारांचे शेअर घेतले. भाव १० टक्के चढला की पाच हजार सुटले, आणि १० टक्के पडला तर आपल्या खिशातले निम्मे गेले, वर व्याज वेगळंच. पहारीचं पण तसंच असतं, वरून हात निसटला तर तीच पहार उलटी येऊन हनुवटीवर बसते.

इकडं दगड आता उंबऱ्याबाहेर आलाय, खाली गोल पाइपाचे तुकडे घातलेत. पोरगं घाईत पहार काढायला निघालं तसा मामांनी त्याचा हात धरला.

"हळू रे, हळू सोड."